म्हातारीच्या जागी पाखरू

तुमच्या तेराव्याला जी जी माणसं आली, त्यांतल्या प्रत्येकानं मला हेच ऐकवलं, "सुभेदार म्हणजे देवमाणूस." मी मान हलवत होते. देवमाणूस! यांनी तुमच्याबरोबर एक आठवडा तरी काढायला हवा होता. कोथिंबीर आणायला सांगितली की मेथी आणायची आणि वर "मेथी ताजी हुती" म्हणून ऐकवायचं. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसलं की अंगणात जाऊन पुसलेलीच सायकल पुन्हा पुसायची. आणि बायकोशी चाललेलं भांडण अर्धवट टाकून मिरजेच्या दवाखान्यात सरळ मरून जायचं. याला देवमाणूस म्हणतात?

अहो, मी अजून रागातच आहे. रडून झालं, पण राग तसाच आहे. आणि आता तर त्यात भर पडली आहे. ती कशी, ते सांगते. या खेपेला तरी उठून जाऊ नका.

पुस्तक लिहायला बसलात ते पेन्शनीत आल्यावर, दुष्काळात. मी शाळेतून येई तेव्हा तुम्ही मांडीवर पाट घेऊन लिहीत असायचात. म्हसवडजवळच्या वाडीतली दोन पोरं, तुम्ही आणि सिदू. घरात न सांगता, वय वाढवून सांगून, साताऱ्याला येऊन पलटणीत भरती झालात. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात पकडले गेलात, इटलीत कैदी झालात. तिथलं सरकार कोसळलं, पहारेकरी पळाले, तसे तुम्ही दोघं डोंगरात घुसलात आणि एका म्हातारीच्या गोठ्यात हिवाळा काढलात. सिदूनं त्या गोठ्यातच जीव सोडला. तुम्हाला मिसरूड फुटलं तेही त्याच गोठ्यात. म्हणून पुस्तकाचं नाव 'कोवळं मिसरूड'. ते नाव मात्र मी सुचवलं होतं, आणि तुम्ही ते कुणाला सांगितलं नाहीत, हेही आज बोलून टाकते.

पक्की प्रत मी करत होते. शाळेत पोरांचे काने-मात्रे तपासायचे आणि घरी येऊन तुमचे. तुम्ही 'हुतं' लिहायचात, मी 'होतं' करायची. एकदा तुम्ही वही ओढून घेतलीत.

"सिदू मरताना व्याकरण बोलला न्हाई, बाई."

शाळेतली पोरं मला बाई म्हणत, गल्ली बाई म्हणे, आणि तुम्हीही. लग्नाच्या बायकोला बाई म्हणणारा पुरुष मी दुसरा पाहिला नाही.

"मग त्याच्या तोंडचं तसंच ठेवते," मी म्हटलं. "बाकीचं तरी शुद्ध असू द्या."

"बाकीचं कर तुझ्या मनासारखं. पर जे घडलं न्हाई, असं एक वाक्य घालू नगंस."

असे तुम्ही. बोटीवर मिळालेल्या डाळीत खडे होते की नव्हते, यावर तुम्ही दोन दिवस विचार केलात आणि शेवटी 'आठवत नाही' असं लिहिलंत. म्हणून तर पुढचं सगळं मला इतकं लागलं.

सिदूचं प्रकरण तुमच्या हातानं लिहून होईना. बसायचात आणि उठायचात. शेवटी एका दुपारी मला म्हणालात, "तू लिव्ह, मी सांगतो." भिंतीकडे तोंड करून बसलात आणि सांगितलंत. सिदूची छाती भरली होती. दवा नव्हती, बाहेर बर्फ होतं. कितीतरी दिवस तो तापात तळमळला. "तूच मला हितं आनलंस," म्हणून त्यानं तुम्हाला शिव्या दिल्या. मग तुम्हालाही ओळखेनासा झाला आणि नुसता आईला हाका मारत राहिला. त्या म्हातारीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, शेळीच्या दुधात पाव भिजवून बोटानं त्याच्या तोंडात घातला. तो तिला आई म्हणाला. तिनं तिच्या भाषेत ओ दिली. तसाच तो गेला. तुम्ही लाकडं आणायला बाहेर गेला होतात.

मी लिहायची थांबले. "हौसाआईंना हे ठाऊक आहे?"

हौसाआई म्हणजे सिदूची आई. अजून त्या वाडीत एकटी राहणारी.

"न्हाई," तुम्ही भिंतीलाच म्हणालात. "तिला म्या गोळीचं सांगितलंय. छातीत लागली, तिथल्या तिथं गेला, काय कळलं बी न्हाई त्याला."

"पण आता पुस्तकात..."

"तिला कुटं वाचाय येतंय."

झालं. उठलात आणि सायकल पुसायला गेलात. सांगलीच्या छापखान्यातून पुस्तक छापून आलं, तेव्हा पहिली प्रत तुम्ही स्वतः नेऊन हौसाआईंना दिलीत. त्यांनी ती सिद्धनाथाच्या तसबिरीपुढं ठेवली, हळदकुंकू वाहिलं. तुम्ही सुटलात असं तुम्हाला वाटलं.

मग तो सिनेमाचा दिग्दर्शक आला. तरुण, केस मानेपर्यंत, बोलताना सारखा हात उडवणारा. पुस्तक वाचून रडलो म्हणाला. मी त्याला पोहे केले. पोहे संपेपर्यंत तो रडण्यावरून धंद्यावर आला होता.

"सुभेदारसाहेब, एकच अडचण आहे. म्हातारीला बघायला थेटरात कोण येणार? तिच्या जागी एक तरणी पोरगी घातली की बघा. दोन गाणी, थोडा विरह. सगळी भट्टी जमते."

मी चहा घेऊन उंबऱ्यात उभी होते. मला वाटलं, आता तुम्ही याला वहाणेसकट बाहेर काढणार. तुम्ही खाली बघून म्हणालात, "घाला पोरगी."

चहा मी खाली आपटलाच. बशीत सांडला. तुम्ही मला म्हणालात, "बाई, जरा आत जावा, आमचं बोलनं व्हायचंय." आणि मी गेले. त्या बोलण्यात पुढं काय झालं, ते मला कळायला सिनेमा लागावा लागला.

तो गेल्यावर मी विचारलं, "डाळीतल्या खड्यांसाठी दोन दिवस घालवणारा माणूस तो हाच का?"

"सिनेमा हाय, बाई. त्यांचं त्यास्नी कळतं."

"त्या म्हातारीनं तुम्हाला जगवलं."

तुम्ही अंगणात गेलात.

शूटिंग पाचगणीला. पाचगणीची इटली झाली होती. आपण बघायला गेलो, कारण तुम्हाला कौतुक. कापसाचं बर्फ अंथरलं होतं. पुण्याची नटी पिवळ्या केसांचा टोप घालून छत्रीखाली शेंगा खात बसली होती. तुमचं काम करणारा नट चाळिशीचा, मिशा दावणीच्या दोरीसारख्या. सोळा वर्षांच्या पोरानं वय वाढवून सांगितलं ही तुमच्या पुस्तकाची सुरुवात, आणि हा गडी वय उतरवून आलेला! मला हसू आवरेना. तुम्ही मात्र त्याच्यापुढं टाचा जुळवून त्याला सलाम केलात. तो बिचारा गोंधळून तुमच्या पाया पडला. मला तेव्हा तुमचा राग आला होता, आणि आता डोळे मिटले की तोच सलाम दिसतो.

सिनेमाचं नाव ठेवलं 'इटलीचं पाखरू'. साताऱ्यात भिंतीभिंतीवर त्या नटीचं चित्र, आणि कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटाएवढे, तुम्ही आणि सिदू.

पहिल्या दिवशी आपल्याला पुढच्या खुर्च्या दिल्या. पाखरू नाचलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी हात घट्ट आवळून बसले होते. मग गोठ्याचा प्रसंग आला आणि मी सावरून बसले. आता तरी खरं दाखवतील. पण कुठला ताप आणि कुठलं काय! बाहेर गोळीचा आवाज झाला, सिदू छातीवर हात ठेवून पडला, संपलं. ना एक शब्द, ना एक हाक. बाजूचा माणूस म्हणाला, "आयला, मरताना कायच बोलला न्हाई?"

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही समोर बघत होतात आणि कान चोळत होतात.

घरी जाताना मी रस्त्यातच थांबले. "हे त्यानं केलं की तुम्ही?"

"म्या सांगितलं त्याला," तुम्ही म्हणालात. "म्हातारी काढ, पोरगी घाल, गानी घाल, काय वाट्टंल ते कर. पर सिदू गोळीनं मेला पायजे. तोंडातनं शबुद निघायच्या आत. त्यो ऐकंना. म्हनं, हिरोचा दोस्त काय बोलल्याबिगर मरतो व्हय? म्हनलं, मग पुस्तक परत कर."

"हौसाआईंसाठी."

"पुस्तक वाचाय येत न्हाई तिला. सिनेमा तर दिसंल का न्हाई?"

तिथं पोवई नाक्यावर, लोक बघत असताना, माझ्या मनात तुमच्याविषयी इतकी माया दाटून आली की मला काही सुचेना. आणि तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "चल, बस चुकंल," आणि आपल्याला बसनं जायचंच नव्हतं.

माया वेगळी आणि पटणं वेगळं. मला ते पटलं नाही. घरी आल्यावर मी म्हटलं, त्यांना एकदा खरं सांगा. त्या काय लहान आहेत? दुष्काळात खडी फोडली त्यांनी, नवरा गेला, लेक गेला, तरी उभ्या आहेत. तुम्ही कोण ठरवणार त्यांना काय सोसेल ते? तुम्ही म्हणालात, "तुला न्हाई कळायचं." या वाक्याला उत्तर नसतं, म्हणून तुम्ही ते वापरायचात.

मग सांगली. माझ्या माहेरी जेवायला गेलो, तर भावजया टपूनच बसल्या होत्या. "वन्सं, दाजींचं पाखरू साताऱ्यात ठेवलंय का अजून इटलीतच हाय?" सगळी पंगत हसली. मी तुमच्याकडे बघितलं. एक वाक्य हवं होतं मला, फक्त एक. 'ती म्हातारी होती' एवढंच. तुम्ही वाटी पुढं केलीत आणि म्हणालात, "आमटी झ्याक झालीया." परत येताना साताऱ्यापर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही मध्ये उतरून माझ्यासाठी पेरू आणलेत. तिखटमीठ लावून. मी ते खाल्ले, पण बोलले नाही.

म्हसवडच्या जत्रेत तंबूत सिनेमा लागला, तेव्हा तुम्ही हौसाआईंना स्वतः हाताला धरून आणलंत. मी त्यांच्या एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या. पाखराच्या गाण्याला त्यांनी पदर तोंडावर घेतला. गोळी सुटली, सिदू पडला, तेव्हा तुम्ही पडद्याकडे बघतच नव्हतात, त्यांच्याकडे बघत होतात. मीही. त्या हलल्या नाहीत. बाहेर आल्यावर तुमच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "बरं दाखवलंय रं, बापू."

तुमचा चेहरा असा झाला, जसा पोरांचा परीक्षा झाल्यावर होतो. एसटीत मला म्हणालात, "बगितलंस?" मी म्हटलं, "बघितलं. तरीही सांगा." पुन्हा जुंपली. कंडक्टर वळून बघायला लागला.

आणि त्याच थंडीत तुम्हाला खोकला धरला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी मिरजेला न्यायला सांगितलं. खाटेवर बसूनसुद्धा तुम्ही ऐकेनात. मी म्हटलं, "बरे झालात की आपण वाडीला जाऊ. मी येते बरोबर. तुम्ही नुसते बसा, मी सांगते." तुम्ही चादरीची कड बोटांनी सारखी करायला लागलात. वाटलं, वितळलात. मग म्हणालात, "चा पानचट हाय. साखर सांग त्यास्नी."

हे तुमचे माझ्याशी बोललेले शेवटचे शब्द. दुसऱ्या दिवशी तुम्ही शुद्धीवरच नव्हतात. लोक विचारतात, शेवटी काय म्हणाले? मी काय सांगू? साखर?

एक गोष्ट मात्र सांगते, कारण ती कुणी सांगणार नाही. शाळेच्या तपासणीच्या दिवशी पहाटे मी उठायच्या आत तुम्ही भाकऱ्या थापलेल्या असायच्या. पलटणीच्या लंगरात शिकलेल्या, जाड, कडेनं कच्च्या. दरवर्षी. मी त्या डब्यात नेऊन खायची आणि कुणाला वाटा द्यायची नाही. तुम्हाला मात्र कधी चांगल्या झाल्या म्हटलं नाही. नव्हत्याच चांगल्या.

आता तेराव्याचं.

माणसं पांगल्यावर हौसाआई मागं राहिल्या. वाडीहून एकट्या एसटीनं आल्या होत्या. माझ्या शेजारी बसल्या, पानाला चुना लावला आणि सरळ बोलायला लागल्या.

"बापूनं मला गोळीचं सांगितलं, तवाच वळखलं हुतं मी, खोटं बोलतोय. ल्हानपनापास्नं खोटं बोलला की कान चोळायचा."

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"मंग पुस्तक आलं. शेजारची सून सातवी शिकलीया. दुपारची यायची, मला वाचून दावायची. सिदूचं आलं तवा थांबली. म्हनली, आजी, फुडचं नगं. मी म्हनलं, वाच."

"सगळं ऐकलंत?"

"सगळं. दोनदा."

"मग यांना का सांगितलं नाहीत?"

"काय सांगू, पोरी? इतकी वर्सं माझ्यासाटी त्यानं ते खोटं जपलं. म्हनलं, जपू दे. त्याला तेवढाच इसावा. तंबूत कसा बगत हुता माझ्याकडं, बगितलंस न्हवं?"

अहो, मला हसावं का रडावं कळेना. इकडं तुम्ही, तिकडं त्या, दोघंही एकमेकांना सांभाळत बसलात, आणि मध्ये मी मूर्खासारखी भांडत होते! पण त्यांचं संपलं नव्हतं.

"पर शिनेमा बगून मी लय चिडले," त्या म्हणाल्या. "म्हातारीला का काढली त्यानं?"

मी भांडं खाली ठेवलं.

"माजं लेकरू लय तडफडलं. पर एका आईच्या मांडीवर गेलं. घास खाऊन गेलं. येवडं एक हुतं माझ्याजवळ. रोज पडल्या पडल्या तेच धरून बसायची. आनि ती नटवी पोरगी आनून ठिवली हितं! बापूला इचारनार हुते मी, आरं, माजी ती म्हातारी कुटं घालवलीस? पाडव्याला येईल तवा इचारते म्हनलं. तर हा गेला."

मी उठून आत गेले. आत काही काम नव्हतं. नुसती उभी राहिले. तुम्हाला कळतंय का, काय केलंत ते? सौदा केलात. जे त्या माऊलीला नकोच होतं, ते तिच्यासाठी मिळवलंत. आणि ज्यावर ती जगत होती, ते त्या केसाळ पोराला देऊन टाकलंत. एकदा विचारलं असतंत तिला! एकदा. नाही. "तुला न्हाई कळायचं." कुणाला कळत नव्हतं, सांगा बरं?

आणि तरी, तुम्ही समोर असता तर मी तुम्हाला हे सांगितलं असतं का? खरं सांगते, मला माहीत नाही. तंबूबाहेरचा तुमचा तो चेहरा मला आठवतो आणि मी तिथंच थांबते.

बाहेर आले तर त्यांनी म्हटलं, "तेवडं वाचून दाव बगू. तुझ्या तोंडनं."

मी पुस्तक काढलं आणि वाचलं. 'हुतं' तिथं 'हुतं' म्हटलं. म्हातारीनं सिदूचं डोकं मांडीवर घेतलं, तिथं त्यांनी डोळे मिटले. वाचून झालं. त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाल्या, "नाव काय गं तिचं?"

मी मागचं पान बघितलं. पुढचं बघितलं. सगळं प्रकरण चाळलं. म्हातारी, म्हातारी, म्हातारी. एकदाही नाव नाही. अख्खा हिवाळा तिच्या घरात काढलात, तिच्या शेळीचं दूध प्यायलात, आणि नाव नाही! शेळीचं नाव आहे. बेल्ला. शेळीचं नाव लिहिलंत हो तुम्ही!

"नाव नाही लिहिलेलं," मी म्हटलं. आता कुणाला विचारू? तुमच्याशिवाय ती बाई या जगात कुणाला ठाऊक होती?

हौसाआईंनी पान तोंडात टाकलं, थोडं चावलं.

"यशोदा लिव्ह," त्या म्हणाल्या. "दुसरीचं लेकरू मांडीवर घेतलं. तिला आनि काय म्हनायचं?"

मी शाळेचं लाल शाईचं पेन आणलं. तुमच्या पुस्तकात ती पहिल्यांदा येते, दार उघडते, ते पान काढलं आणि 'म्हातारी'च्या वर ते नाव लिहिलं. त्या जवळ सरकून अक्षरांवरून बोट फिरवत होत्या. तुम्हाला विचारलं नाही. काय रागवायचं ते रागवा.